हात केव्हा आवरायचा हे शिकवणारी जागा शोधा

वाचकाचा प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून २७ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. शाळा-महाविद्यालयात असताना त्या राज्य पातळीपर्यंत खो-खो खेळल्या. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळ सुटला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन गेली चार वर्षे त्या एका पतसंस्थेत नोकरी करतात आणि संध्याकाळी गावातल्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवतात. सामन्यानंतर मैत्रिणींचे पाय त्याच चोळून देत आणि ‘तुझ्या हाताला गुण आहे’ असे सगळ्या म्हणत. आता क्रीडा मसाज थेरपिस्ट व्हावे असे त्यांनी मनाशी ठरवले आहे. पुण्यातील एका खासगी संस्थेचा तीन महिन्यांचा, ८५ हजार रुपये शुल्काचा अभ्यासक्रम त्यांनी पाहून ठेवला असून, आयपीएल आणि प्रो कबड्डीच्या संघांत ‘शंभर टक्के नोकरी’ मिळेल असे संस्थेने तोंडी सांगितले आहे. साठवलेले पैसे दीड लाख आहेत. महिनाअखेरपर्यंत प्रवेश निश्चित केला नाही तर शुल्क वाढणार आहे. ‘शिकलीसवरलेली पोर लोकांचे पाय चेपत बसणार का?’ असा वडिलांचा सवाल आहे. नोकरी सोडून पुण्याला जावे का आणि वडिलांना कसे समजवावे, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या हाताला गुण आहे यावर माझा विश्वास आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून खेळाडूंच्या दुखापतींवर काम करताना मी अशी काही माणसे पाहिली आहेत, ज्यांची बोटे पोटरीवर टेकताच खेळाडूचा श्वास संथ होतो. तरीही तुमच्या पत्रातले हेच वाक्य मला सर्वांत आधी तपासून पाहावेसे वाटते, कारण पुढचा सगळा बेत त्याच्यावर उभा आहे. ज्या मैत्रिणींचे पाय तुम्ही चोळून दिलेत, त्या सतरा-अठरा वर्षांच्या आणि धडधाकट होत्या. त्यांचे पाय दमलेले होते, दुखावलेले नव्हते, आणि कोणी हात लावला नसता तरी दोन-तीन दिवसांत ते मोकळे झालेच असते. तुम्ही दिलेला आराम खराच होता, पण त्यात तुमच्या ज्ञानाची परीक्षा झालेली नव्हती. व्यवसायात उतराल तेव्हाही समोर येणारे बहुतेक जण असेच दमलेले असतील. त्यांच्यातला दुखावलेला एखादा कोण, हे ओळखता यावे यासाठीच शिक्षण लागते.

‘माझ्या हातात ताकद आहे’ असेही तुम्ही लिहिले आहे. या कामात हाताची ताकद फार काळ पुरत नाही. नवीन शिकणारे अंगठ्याने रगडतात आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या स्वतःच्याच अंगठ्याचा मुळाचा सांधा दुखू लागतो. चांगला शिक्षक पहिल्या आठवड्यात टेबलाची उंची ठरवायला शिकवतो. टेबलाशेजारी ताठ उभे राहून, मूठ वळून, हात सरळ खाली सोडला की मुठीची पेरे टेबलाला जेमतेम टेकावीत, एवढी ती असावी. त्यानंतर पाय पुढे-मागे ठेवून अंगाचा भार तळहातातून, मनगटाच्या वरच्या भागातून किंवा कोपरातून कसा सोडायचा, याचा सराव येतो. तुमचा गुडघा आधीच दुखावलेला आहे. दिवसातून चार-पाच जणांना तासभर उभ्याने मसाज देणे त्याला झेपेल का, हे शुल्क भरण्याआधी एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवून विचारून घ्या.

मसाजने नेमके काय होते, याबद्दल आपल्या मैदानांवर बरेच गैरसमज आहेत आणि काही संस्था तेच वर्गात शिकवतात. ‘स्नायूंत साचलेले लॅक्टिक ॲसिड मसाजने निघून जाते’ हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. व्यायामाने वाढलेले लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचे शरीरातले रूप) शरीर स्वतःच साधारण तासाभरात पूर्ववत करते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग धरते, त्याचे कारण वेगळे असते : सवय नसलेल्या ताणामुळे स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा. २०२० साली २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात मसाजमुळे ताकद, वेग किंवा दमसास वाढल्याचे दिसले नाही. लवचिकता थोडी वाढलेली आणि नंतरची अंगदुखी थोडी कमी झालेली मात्र आढळली. हे वाचून तुम्ही खट्टू होऊ नये. दुखणे थोडे कमी होणे, शांत झोप लागणे, पुढच्या सामन्याआधी मन स्थिर होणे, याची किंमत खेळाडूला विचारावी. शिवाय त्या अर्ध्या-पाऊण तासात खेळाडू जे बोलतो, ते तो प्रशिक्षकाला सांगत नाही, कारण संघातून वगळले जाण्याची भीती असते. ‘इथे गेले पंधरा दिवस दुखतेय’ हे वाक्य पुष्कळदा पहिल्यांदा मालिशीच्या टेबलावर उच्चारले जाते आणि ते ऐकणाऱ्याला पुढे काय करायचे हे माहीत असावे लागते.

काही वर्षांपूर्वी एका जिल्हा कबड्डी स्पर्धेत एका चढाईपटूच्या मांडीवर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा बसला. वरून खरचटलेलेसुद्धा नव्हते, मुका मार होता. त्या रात्री मुक्कामाच्या शाळेत, वर्गातले बाक जोडून, संघाबरोबर आलेल्या एका काकांनी मलम लावून ती मांडी मन लावून रगडली आणि दुसऱ्या दिवशीही तेच केले. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा महिना उलटला होता. मांडीच्या आत सुपारीपेक्षा मोठा टणक गोळा हाताला लागत होता आणि गुडघा काटकोनापर्यंतही वाकत नव्हता. एक्स-रेमध्ये स्नायूच्या आत हाड धरलेले दिसले. जबर मुक्या मारानंतर असे एरवीही होऊ शकते, परंतु आत रक्त साकळलेले असताना तो भाग रगडला तर ही शक्यता वाढते, म्हणून पहिल्या दिवसांत त्या जागेला मसाज द्यायचा नसतो. त्या मुलाचा अख्खा हंगाम वाया गेला. काकांना हे कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरे उदाहरण तुमच्या परिसरातलेच घेते. सातारा जिल्ह्यात पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना रोज दिसतात. त्यांच्या नडग्या दुखतात आणि ‘जरा चोळून द्या’ म्हणून ती येतात. अशा वेळी आधी विचारावे : कुठे दुखते ते दाखव. मुलीने तळहात नडगीच्या आतल्या कडेवरून वर-खाली फिरवला आणि वीतभर जागा दाखवली, तर ते बहुधा अतिताणाचे दुखणे असते. त्यात धावणे कमी करणे, बूट पाहणे आणि पोटरी मोकळी करणे यांचा उपयोग होतो. तिने एकच बोट हाडावरच्या एकाच बिंदूवर ठेवले, तिथे दाबताच ती कळवळली, आणि रात्री झोपेतही तिथे ठणकते असे म्हणाली, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका धरून तिला डॉक्टरांकडे पाठवायचे असते. तिथे मसाज देऊन तिला पुन्हा धावायला सोडणे म्हणजे तो तडा वाढवणे. तळहात की एक बोट, एवढाच फरक असतो, पण तो पाहण्याची सवय लावावी लागते.

हे इतके विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, कुठलाही अभ्यासक्रम पारखण्याची माझी कसोटी याच जागी आहे. चोळणे, मळणे, थापटणे, खोल दाब देणे या हातच्या क्रिया एखादा हुशार विद्यार्थी काही आठवड्यांत उचलतो. हात केव्हा लावायचा नाही, हे शिकवायला मात्र वेळ लागतो आणि त्यासाठी शिक्षकाजवळ रुग्ण पाहिल्याचा अनुभव हवा. एकाच पोटरीला सूज आहे, ती हाताला गरम लागते आणि मागे लांबचा बसप्रवास किंवा प्लास्टर आहे, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो. गुडघ्यामागच्या लवणीत खोल दाब द्यायचा नसतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, लहान हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून जाणारी नस कातडीच्या अगदी जवळ असते. तिथे कोपर रोवले तर पावलाला मुंग्या येतात. अंगात ताप असताना, ताज्या लचकेवर, आणि कुस्ती-कबड्डीच्या खेळाडूंत हमखास आढळणाऱ्या नायट्यावर मसाज नाही. पुण्याच्या संस्थेला फोन करून एवढेच विचारा की, मसाज केव्हा देऊ नये, हा विषय किती तास शिकवला जातो आणि त्याची परीक्षा कोण घेतो. उत्तर देणारी व्यक्ती अडखळली, तर तुम्हाला पुष्कळ काही कळेल.

स्वच्छतेचा भागही असाच दुर्लक्षित राहतो. टेनिसपटू यानिक सिनरच्या मार्च २०२४ मधील उत्तेजक चाचणीत क्लोस्टेबॉल या बंदी असलेल्या द्रव्याचा अंश सापडला. चौकशीत मान्य झालेला खुलासा असा की, त्याच्या फिजिओने स्वतःच्या कापलेल्या बोटावर हेच द्रव्य असलेला एक स्प्रे वापरला होता आणि हातमोजे न घालता सिनरला मसाज दिला होता. त्यात सिनरचा हेतू नव्हता हे मान्य होऊनही फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने तीन महिन्यांची बंदी स्वीकारली. उद्या तुमच्या टेबलावर राष्ट्रीय शिबिराला निघालेली एखादी मुलगी असेल. तुम्ही वापरत असलेल्या प्रत्येक मलमाच्या वेष्टनावर काय लिहिले आहे, हे तुम्हाला ठाऊक असलेच पाहिजे.

आता प्रमाणपत्राविषयी. फिजिओथेरपीला जशी वैधानिक नोंदणी आहे, तशी आपल्याकडे क्रीडा मसाजला नाही, त्यामुळे कोणीही वर्ग काढू शकतो आणि छापील प्रमाणपत्र देऊ शकतो. न्यूयॉर्क राज्यात मसाज थेरपीचा परवाना मिळण्यासाठी किमान १००० तासांचे शिक्षण लागते. तुमच्या तीन महिन्यांच्या वर्गाचे प्रत्यक्ष तास मोजा आणि त्यातले किती तास तुमचे हात खरोखर कोणाच्या तरी स्नायूंवर असणार आहेत, तेही विचारा. अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात (कौशल्य अभ्यासक्रमांचे स्तर ठरवणारी सरकारी चौकट) बसतो असा दावा असेल तर कोणत्या स्तरावर, हे लेखी मागा. शरीररचना शिकवणारी व्यक्ती फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर आहे का, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात, मैदानावर प्रत्यक्ष काम करायला मिळते का, आणि मागच्या दोन तुकड्यांतील कोणाशी बोलता येईल का, हेही विचारावे. अनेक वर्ग मुळात स्पासाठी आखलेले असतात आणि शेवटच्या आठवड्यात ‘स्पोर्ट्स’ हा शब्द जोडला जातो.

फिजिओथेरपीचा रस्ता आपल्याला बंद आहे, असे तुम्ही लिहिले आहे आणि व्यवहारतः ते बरोबर आहे. त्या पदवीला साडेचार ते पाच वर्षे लागतात आणि त्याआधी जीवशास्त्रासह विज्ञान शाखेची बारावी व नीट परीक्षा द्यावी लागते. पण म्हणून मसाजचे प्रमाणपत्र ही तिची छोटी आवृत्ती आहे, असे समजू नका. निदान करणे, मान किंवा कंबर ‘कडकन’ मोडून देणे, सुया टोचणे, विजेची उपचारयंत्रे लावणे ही तुमची कामे नव्हेत. फलकावर ‘डॉ.’ किंवा ‘फिजिओ’ लिहिण्याचा मोह कोणी घातला तरी तो कटाक्षाने टाळावा. क्रीडा मसाज हे स्वतंत्र, पूर्ण काम आहे. सामन्याआधी दहा-पंधरा मिनिटांचा हलका, जलद हात, सामन्यानंतरचा सौम्य हात आणि सरावाच्या दिवसांतला सावकाश, खोल हात यांतला फरक जाणणारी माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत.

‘शंभर टक्के नोकरी’ या आश्वासनाचा हिशेब आपण दोघी मिळून करू. आयपीएलमध्ये १० संघ आहेत, महिला प्रीमियर लीगमध्ये ५ आणि प्रो कबड्डीत १२. एका संघाला एक किंवा दोन मसाजर धरले तरी सगळ्या देशात मिळून जागा फार तर पन्नासच्या आसपास होतात, त्याही हंगामापुरत्या, आणि त्या जागांवर वर्षानुवर्षे अनुभव असलेली माणसे काम करत आहेत. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर रमेश माने होते, नंतरच्या काळात अरुण कानडे यांनीही हे काम केले. मराठी माणसांनी हे काम सर्वोच्च पातळीवर केले आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे, परंतु तीन महिन्यांच्या वर्गातून कोणी थेट त्या ड्रेसिंग रूममध्ये जात नाही. संस्थेकडे आश्वासन लेखी मागा. तोंडीच राहणार असेल तर शुल्कवाढीच्या भीतीने घाई करू नका. चांगले शिक्षण पुढच्या तुकडीतही मिळते.

मला तुमच्यासाठी जी संधी दिसते ती घराजवळ आहे. भरती अकॅडमीतल्या मुली, तालुक्याच्या कबड्डी आणि खो-खो संघांतल्या मुली, यवतेश्वरच्या घाटातून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी धावणाऱ्या चाळिशीतल्या महिला, यांच्या अंगाला विश्वासाने हात लावू शकेल अशी जाणकार बाई त्यांना मिळत नाही. मुली दुखणे अंगावर काढतात, कारण मांडी किंवा कंबर पुरुष मसाजरला दाखवायला त्या तयार नसतात आणि त्यांनी तसे का व्हावे? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. खांबावर झेप घेणाऱ्या, तासन् तास पाटीवर उकिडव्या बसून उठणाऱ्या मुलीच्या कोणत्या स्नायूंवर ताण येतो, हे तुम्ही स्वतःच्या अंगाने जाणता. ती जाण कुठल्याही वर्गात विकत मिळत नाही. या कामात पैसे सावकाश येतील हे मात्र धरून चला. भरतीच्या मुलींकडे द्यायला फारसे नसते. मिळकतीचा मुख्य भार हौशी धावपटू, सायकलपटू आणि नोकरदार महिलांवर राहील.

म्हणून माझे मत असे की, पतसंस्थेची नोकरी आज सोडू नये. पुढचे सहा महिने तयारीचे माना. साताऱ्यात किंवा कऱ्हाडमध्ये खेळाडू पाहणाऱ्या एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे, शक्यतो महिला असतील तर उत्तमच, रविवारी विनामोबदला मदतनीस म्हणून बसू द्यावे अशी विनंती करा. दोघांनी नकार दिला तरी तिसऱ्याकडे जा. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसचे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घ्या. शरीररचनेचे एक चांगले चित्रमय पुस्तक घेऊन आठवड्याला चार स्नायू या गतीने शिका : तो कुठून सुरू होतो, कुठे संपतो, काय हलवतो. मग मैत्रिणीच्या किंवा बहिणीच्या पायावर तो बोटांनी शोधून काढा. सोबत एक वही ठेवा. कोणाला हात लावला, काय दुखत होते, काय केले, दोन दिवसांनी कसे वाटले आणि कोणाला हात न लावता परत पाठवले, हे सगळे तीत लिहा. सहा महिन्यांनंतरही ओढ तशीच राहिली तर दीड लाखांतले निम्मे घरखर्चासाठी बाजूला ठेवून, उरलेल्यात बसणारा आणि वरच्या प्रश्नांना नीट उत्तरे देणारा अभ्यासक्रम निवडा. शनिवार-रविवारचे, पण वर्षभर चालणारे शिक्षण मिळाले तर मी ते तीन महिन्यांच्या घाईपेक्षा पसंत करीन. भारतीय क्रीडा प्राधिकरण वेळोवेळी मसाज थेरपिस्टची कंत्राटी भरती करते. त्या जाहिरातींतील पात्रतेच्या अटी आत्ताच वाचून ठेवल्या तर कोणते प्रमाणपत्र उपयोगी पडेल याचा अंदाज येईल.

राहिला वडिलांचा प्रश्न. तो मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत असे मला वाटते. एक आहे कमीपणाची भावना. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याची कामे आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींवर सोपवली आणि मग त्या कामांनाच हलके म्हटले. ती भावना वडिलांनी निर्माण केलेली नाही, तशीच ती मान्य करण्याचेही तुम्हाला कारण नाही. त्यांना तालमीची आठवण करून द्या. तिथे कोणाच्याही घरचा पठ्ठा वस्तादांच्या आणि जोडीदाराच्या अंगाला तेल लावतो आणि त्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशींना प्रत्येक घर मान देते.

दुसरी गोष्ट आहे भीती आणि ती निराधार नाही. मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांच्या बातम्या ते वर्तमानपत्रात वाचत असणार. एकटी मुलगी अनोळखी माणसाच्या खोलीत जाणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर असेल. या भीतीला युक्तिवादाने उत्तर देऊ नका, नियम आखून दाखवा. सुरुवातीला केवळ महिला आणि मुली, जागा दवाखान्यातली किंवा मैदानावरची, वेळ दिवसाची, अनोळखी घरी जाणे नाही. अठरा वर्षांखालील मुलगी असेल तर पालकांची लेखी संमती आणि शेजारी दुसरी एक प्रौढ महिला. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंगावर टॉवेल. हात ठेवण्याआधी विचारणे आणि ‘नको’ म्हटले की तत्काळ थांबणे. हे नियम तुमच्या रक्षणासाठी आहेत, तितकेच टेबलावरच्या मुलीच्या रक्षणासाठीही आहेत. एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून तो कागद वडिलांच्या हाती द्या आणि एखाद्या शनिवारी त्यांना संध्याकाळच्या सरावाला मैदानावर घेऊन या. खेळून झाल्यावर तुमच्या मुली कुठे कुठे हात धरून बसतात, हे त्यांना तिथे बसून पाहू द्या.

सहा महिन्यांनी ती वही बरीच भरलेली असेल. तेव्हा मला पुन्हा लिहा. ज्यांना तुम्ही हात न लावता परत पाठवले, त्यांच्या नोंदी मला आधी वाचायच्या आहेत.